बेअरिंग भंगारात टाकण्याआधी

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एका फाउंड्रीत मेंटेनन्स बघतो. मशीन बंद पडलं की आमच्याकडं पहिलं बेअरिंग बदलतात. जुनं जातं भंगारात आणि बिघाडाचं कारणही त्याच्याबरोबरच जातं. म्हणून नव्या पोरांना सांगून ठेवलंय, काढलेलं बेअरिंग न धुता माझ्या टेबलावर आणायचं.

आधी ग्रीस बोटांत चोळा. करकरलं तर वाळू आत शिरलीय, सील बघा. दुधाळ असेल तर पाणी. २०१९ च्या पुरानंतर कितीतरी मोटारी नुसतं वाइंडिंग वाळवून चालू केल्या, बेअरिंगकडं कुणी बघितलंच नाही. काळं, जळक्या वासाचं असेल तर ग्रीस कमी पडलं असंच धरू नका. हाउसिंग, म्हणजे बेअरिंग बसतं ती पेटी, गच्च भरलं तरी ग्रीस घुसळून तापतं. रिकामी जागा निम्म्यापर्यंत भरली की बास.

मग रॉकेलनं धुवा, कापडात गुंडाळून शिकंजात धरा, गॉगल घाला आणि बाहेरची रिंग ग्राइंडरनं कापा. खरी गोष्ट गोळ्या फिरतात त्या वाटेवर लिहिलेली असते.

आमच्या सँड मिक्सरच्या मोटारीची चार महिन्यांत तीन बेअरिंगं गेली. सगळे म्हणाले, माल डुप्लिकेट. तिसरं कापलं, तर आतल्या रिंगवर गोळ्यांच्या बरोबर अंतरानं एकेक खळगी. शाफ्टवर बसवताना हातोडा बाहेरच्या रिंगवर पडला होता, घाव गोळ्यांतून आत उतरला. बसवलं कुणी होतं? मीच, रात्रपाळीत, घाईत. आता आतल्या रिंगवर पाइप टेकवूनच ठोकतो, नाहीतर ११० अंशांपर्यंत तापवून सरकवतो.

वाटेवर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर बेअरिंगमधून करंट गेलाय. व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, तपासा, वेल्डिंगची अर्थिंग कुठं लावली होती तेही विचारा. एकाच बाजूला पापुद्रे निघाले असतील तर बेल्ट फार ताणलाय का बघा. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं.

‘दर सहा महिन्यांनी बदलून टाकू’ यावर माझा विश्वास नाही. विमानांच्या भागांवरच्या १९७८ च्या अमेरिकन अहवालात ८९ टक्के भागांना वयानुसार झिजून जाण्याचा ठरावीक काळच सापडला नव्हता. उलट ६८ टक्क्यांत बिघाडाचा धोका नवेपणीच जास्त होता. आमच्या मिक्सरचंही तेच झालं की.

रजिस्टरमध्ये तारीख, चाललेले तास, खुणेचा फोटो एवढं ठेवतो. बसवणाऱ्याचं नाव लिहायचं बंद केलं. लिहायला लागल्यापासून जुनी बेअरिंगं टेबलावर यायचीच थांबली होती.