डोमेन नावावर दावा सांगण्यापूर्वीची तयारी

आपल्या व्यापारचिन्हाचे डोमेन नाव दुसऱ्याने नोंदवल्याचे लक्षात येताच त्याला पत्र लिहिण्याचा मोह आवरावा आणि आधी पुरावे जमवावेत, कारण पत्र पोहोचताच संकेतस्थळावरील मजकूर बदलला जाण्याची शक्यता असते. पानांचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावेत, वेबॅक मशीन या संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात त्यांची जुनी रूपे शोधावीत आणि नाव विकण्याचा प्रस्ताव आला असल्यास मागितलेल्या रकमेसह तो ईमेल जपून ठेवावा.

नंतर दोन तारखा शेजारी मांडाव्यात: आपला चिन्हावरील हक्क केव्हापासूनचा आणि डोमेनची नोंद केव्हाची. माझ्या मते सगळ्या तयारीत हेच काम सर्वांत महत्त्वाचे आहे. डोमेन नावांच्या व्यवस्थेचा समन्वय करणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ मध्ये स्वीकारलेल्या यूडीआरपी, म्हणजे डोमेन नावांचे वाद सोडवण्याच्या एकसमान धोरणानुसार डॉट कॉम, डॉट नेट यांसारख्या नावांच्या वादात तीन गोष्टी तक्रारदारालाच सिद्ध कराव्या लागतात: नाव चिन्हाशी तंतोतंत किंवा गोंधळ होण्याइतके जुळते, धारकाचा त्यावर हक्क वा न्याय्य हितसंबंध नाही, आणि त्याने ते दुर्हेतूने नोंदवले असून दुर्हेतूनेच वापरात ठेवले आहे. चिन्हाचा जन्मच डोमेनच्या नोंदणीनंतरचा असेल, तर तिसरी गोष्ट सहसा टिकत नाही. मात्र सध्याच्या धारकाने नाव पुढे कधीतरी विकत घेतले असल्यास त्या खरेदीची तारीख पाहिली जाते. चिन्ह नोंदणीकृत नसल्यास जाहिराती, विक्रीचे आकडे आणि वृत्तपत्रांतील उल्लेख अशी भक्कम सामग्री हाताशी हवी.

तक्रारीची भाषा सहसा धारकाने रजिस्ट्रारशी, म्हणजे नावाची नोंदणी करून देणाऱ्या कंपनीशी, केलेल्या नोंदणी कराराची असते, म्हणून तो करार आधी पाहावा. अशा तक्रारी हाताळणाऱ्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे पाच नावांपर्यंतच्या, एका निर्णायकापुढील तक्रारीचे शुल्क १,५०० अमेरिकी डॉलर आहे. या मार्गाने नाव हस्तांतरित किंवा रद्द होते, नुकसानभरपाई मिळत नाही. ती हवी असेल तर न्यायालयाचाच विचार करावा.

तक्रार आपल्याविरुद्ध आली असेल, तर उत्तरासाठी २० दिवस मिळतात. त्या काळात नावाचा प्रामाणिक वापर दाखवणारे हिशेब, करार आणि पत्रव्यवहार एकत्र करावेत.

निर्णय बाजूने लागला तरी रजिस्ट्रार १० कामकाजाचे दिवस थांबतो, आणि तेवढ्यात धारकाने न्यायालयात दावा दाखल केल्याचे कागद दिले तर हस्तांतरण अडते. म्हणून नाव प्रत्यक्ष आपल्या खात्यात येईपर्यंत ग्राहकांना तो पत्ता कळवू नये.