वायरलेस इअरबड्स संगणकाला जोडताना

फोनशी चटकन जुळणारे इअरबड्स संगणकाला जोडायला गेले की अडून बसतात, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा त्यात बिघाड कसलाच नसतो; पेअरिंग आणि कनेक्शन या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच लक्षात आलेले नसते. पेअरिंग म्हणजे दोन उपकरणांची पहिली ओळख. ती एकदाच करावी लागते आणि त्या वेळी ठरलेली सांकेतिक किल्ली दोन्हीकडे साठवली जाते. कनेक्शन मात्र दर वेळी नव्याने जुळते. फोनची ओळख असलेले इअरबड्स त्यांच्या चार्जिंगच्या डबीतून, म्हणजे केसमधून, बाहेर काढताच आपोआप फोनकडे धाव घेतात आणि एकदा तिथे जुळले की संगणकाच्या यादीत बहुधा दिसतच नाहीत. म्हणून पहिली पायरी ही, की फोनचे ब्लूटूथ थोडा वेळ बंद ठेवावे.

लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ बहुधा असतेच. डेस्कटॉपमध्ये ते नसेल तर यूएसबी पोर्टमध्ये बसणारा छोटा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर, म्हणजेच डाँगल, लावावा लागतो. मदरबोर्डवरच, म्हणजे संगणकातील मुख्य सर्किट बोर्डवरच, वायफाय आणि ब्लूटूथ असेल, तर सोबत आलेले अँटेना मागच्या बाजूला पिळून घट्ट बसवले आहेत ना, हे जरूर पाहावे. ते खोक्यातच राहून गेले असतील तर हातभर अंतरावरही आवाज तुटू लागतो.

पेअरिंग मोड, म्हणजे नव्या उपकरणाला ओळख देण्यासाठी इअरबड्स तयार असण्याची स्थिती, थोडाच वेळ चालू राहतो, त्यामुळे आधी संगणकावरचे पान उघडून तयार ठेवावे आणि मगच इअरबड्सना हात लावावा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘ब्लूटूथ अँड डिव्हायसेस’ या विभागात जाऊन ‘अ‍ॅड डिव्हाइस’ आणि त्यानंतर ‘ब्लूटूथ’ हा पर्याय निवडावा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधील ‘ब्लूटूथ’ हे पान नुसते उघडे ठेवले तरी शोध सुरू होतो. लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवरही सेटिंग्जमध्ये असेच पान असते.

आता इअरबड्स केसमध्येच ठेवून झाकण उघडावे आणि केसवरचे बटण दिवा लुकलुकू लागेपर्यंत दाबून धरावे. काही इअरबड्सच्या केसला बटण नसते. तिथे दोन्ही बड्सवर काही सेकंद बोट दाबून धरावे लागते. दिव्याचा रंग आणि बटण दाबून धरण्याचा वेळ कंपनीगणिक बदलतो, तेव्हा सोबतची माहितीपत्रिका एकदा वाचलेली बरी. यादीत नाव दिसले की त्यावर क्लिक करावे. ‘कनेक्टेड’ असा शब्द दिसूनही आवाज संगणकाच्या स्पीकरमधूनच येत असेल, तर विंडोजमध्ये टास्कबारवरील आणि मॅकमध्ये मेनू बारवरील ध्वनीच्या चिन्हातून आउटपुट म्हणून इअरबड्स निवडावेत.

खरी अडचण पुढेच येते आणि तिच्याबद्दल कोणी फारसे सांगत नाही. गाणे उत्तम ऐकू येत असते. पण ऑनलाइन बैठक सुरू होताच तेच इअरबड्स जुन्या टेलिफोनसारखे घोगरे वाजू लागतात. इअरबड्स खराब निघाले असे समजून ते परत करण्याची घाई करू नये. ब्लूटूथमध्ये संगीतासाठी ए२डीपी ही पद्धत वापरली जाते; तिच्यात ध्वनी स्टिरिओ आणि चांगल्या दर्जाचा असतो, पण तो संगणकाकडून कानाकडे असा एकाच दिशेने जातो. इअरबड्सचा माइक सुरू होताच संगणकाला दोन्ही दिशांनी ध्वनी वाहून नेणाऱ्या हँड्स-फ्री पद्धतीकडे वळावे लागते, आणि तिथे ध्वनी मोनो होऊन त्याचा दर्जा घसरतो. यावरचा उपाय साधा आहे: बैठकीच्या अ‍ॅपच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये स्पीकर म्हणून इअरबड्स राहू द्यावेत आणि माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वेबकॅमचा माइक निवडावा. विंडोज १० मध्ये एकाच जोडीची ‘स्टिरिओ’ आणि ‘हँड्स-फ्री’ अशी दोन नावे दिसतात. त्यांपैकी ऐकण्यासाठी ‘स्टिरिओ’ घ्यावे. आजूबाजूला गोंगाट असेल आणि इअरबड्सचाच माइक हवा असेल, तर कमी दर्जा पत्करण्यावाचून बहुधा गत्यंतर नसते. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीने हे चित्र बदलू लागले आहे, मात्र त्यासाठी संगणक आणि इअरबड्स दोन्हींत ती सोय असावी लागते.

आवाज मध्येच तुटत असेल तर डाँगल कुठे लावला आहे ते पाहावे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधून, तसेच त्याला जोडलेल्या हार्ड डिस्कमधून, त्याच पट्ट्यात विद्युत गोंगाट पसरतो. छोट्या एक्स्टेन्शन वायरने डाँगल टेबलावर आणला की बराच फरक पडतो.

पूर्वी व्यवस्थित जोडले जाणारे इअरबड्स एखाद्या अपडेटनंतर जुळेनासे झाले, तर नुसते ‘कनेक्ट’ दाबत बसण्यात अर्थ नाही. संगणकाच्या यादीतून ते ‘रिमूव्ह’ किंवा ‘फर्गेट’ करावेत, ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू करावे आणि पेअरिंग पहिल्यापासून करावे, म्हणजे जुनी किल्ली जाऊन नवी तयार होते. हे झाल्यावर फोनचे ब्लूटूथ पुन्हा चालू करायला हरकत नाही. इअरबड्समध्ये मल्टिपॉइंटची सोय असेल तर फोन आणि संगणक दोन्ही एकाच वेळी जोडलेले राहतात. नसेल तर दर वेळी संगणकाच्या ब्लूटूथ यादीत जाऊन ‘कनेक्ट’ दाबावे लागेल.