शेजारच्या मोकळ्या प्लॉटची सफाई: नोटीस कुठे अडते

सोलापुरात मोकळा प्लॉट पडून राहिला की वेडी बाभूळ माजते आणि तिच्याखाली करवंट्या, जुने टायर जमतात. टायरात पाणी साचलं की अंड्यापासून डास व्हायला 8-10 दिवस पुरतात, म्हणून तक्रारीसाठीचे फोटो पावसाच्या आठवड्यातच काढावेत.

महापालिकेकडे केलेली तक्रार बहुतेक वेळा मालकाच्या नावावर अडते. 'अमुक यांच्या घरामागचा प्लॉट' एवढंच लिहिलं तर नोटीस कुणाला काढायची हेच ठरत नाही. आधी सिटी सर्व्हे नंबर शोधून मालमत्ता पत्रक (जागेचा मालक दाखवणारा उतारा) काढावं. गावठाणाबाहेर सातबारा बघावा लागतो. मालक वारलेला आणि वारसनोंद राहिलेली असेल तर टपाल परत येतं. म्हणून नोटीस जागेवर डकवून पंचनामा करण्याची विनंती पहिल्याच अर्जात लिहावी. ही ओळ राहिली की महिने वाया जातात.

अर्ज दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. हालचाल नसेल तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात नोटिशीची प्रत मागावी. मुदत 30 दिवस.

सफाईच्या दिवशी समोर थांबावं. बाभूळ वरून छाटली तर पुन्हा फुटते, बुंधा मातीखालून खणूनच काढायला लावावा.