रीफ टँकमध्ये खेकडा सोडायचाय? आधी त्याच्या नांग्या बघा

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक. त्यात हा खेकडा चालेल का, असं दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "रीफ सेफ आहे भो, काही करत नाही." म्हणजे कोरलला त्रास देत नाही. हे अर्धंच खरं. टँकसाठी विकले जाणारे बहुतेक खेकडे मिळेल ते खाणारे असतात. काचेवरचं आणि दगडावरचं शेवाळ आहे तोवर ते त्यात रमतात. शेवाळ संपलं, पोट रिकामं राहिलं, की तोच गरीब खेकडा कोरलचं मांस कुरतडायला लागतो. त्यामुळे कुठला खेकडा, केवढा आणि किती भुकेला, हे तिन्ही बघून ठरवायचं. जळगाव-धुळ्यात बसून रीफ टँक सांभाळणाऱ्याला तर जास्तच, कारण माल मुंबई-पुण्याहून मागवलेला असतो आणि परत द्यायला दुकान काही कोपऱ्यावर नसतं.

(तापी-गिरणेचा खेकडा यात धरू नका. तो गोड्या पाण्यातला. खाऱ्या टँकमध्ये त्याचे हाल होतील, आणि तो जगला तरी कोरल जगू देणार नाही.)

१. नांग्यांची टोकं बघा

दुकानदाराला काचेजवळून काढलेला फोटो मागा. नांगीची टोकं चमच्यासारखी बोथट, आतून खोलगट असतील तर तो खेकडा दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा समजा. टोकं अणकुचीदार, नांगी जाड आणि एक दुसरीपेक्षा मोठी असेल, तर तो गोगलगाई, मासे, मांस फोडून खाणारा. अंगावर केस आणि नांगीची टोकं काळी असतील तर नकोच. सगळे खेकडे या नियमात बसत नाहीत, पण नाव माहीत नसलेल्या खेकड्याबद्दल पहिला अंदाज यावरून बऱ्यापैकी येतो.

२. कुठला आणायचा

सगळ्यात बिनधास्त म्हणजे पोर्सेलिन क्रॅब. हा ॲनिमोनीत (कोरलच्या नात्यातल्या, मऊ शुंडकांच्या समुद्री प्राण्यात) राहतो आणि तोंडाजवळचे पिसांसारखे दोन पंखे पाण्यात उघडून-मिटून तरंगणारे कण गाळून खातो. पंखा उघडला, झटक्यात मिटला, तोंडाशी नेऊन पुसला, पुन्हा उघडला. टँकसमोर खुर्ची टाकून बघत बसावं असा प्रकार आहे. त्याच्या नांग्या मोठ्या दिसतात, पण त्या जागेसाठी भांडायला. कोरलच्या वाटेला तो जात नाही. खरी ओळख पायांवरून: बहुतेक खेकड्यांना नांग्या सोडून चालायच्या पायांच्या चार जोड्या दिसतात, याला तीनच.

पॉम-पॉम क्रॅबही तसाच निरुपद्रवी. तो दोन्ही नांग्यांत एकेक इवलासा ॲनिमोनी धरून फिरतो. त्या नांग्या इतक्या बारीक असतात की कोरल तोडायचं त्यांचं कामच नाही. फक्त तो लाजाळू आहे. दगडात गेला की आठवडेच्या आठवडे दिसत नाही.

एमराल्ड क्रॅब लोक आणतात ते व्हॅलोनियासाठी, म्हणजे दगडावर येणाऱ्या हिरव्या चकचकीत फुग्यांच्या शेवाळासाठी. हे काम तो खरंच करतो. पण लहान असेपर्यंतच त्याच्यावर भरवसा ठेवावा. वाढलेला, भुकेला एमराल्ड झोअँथिड (बटणांसारख्या गुच्छात वाढणारं कोरल) किंवा मांसल एलपीएस (मोठ्या तोंडांचं कठीण) कोरल कुरतडताना बऱ्याच जणांनी पाहिलाय. शंभर लिटरला एक पुरे.

हर्मिट क्रॅबमध्ये निळ्या पायांचा आणि लाल स्कार्लेट, हे दोन छोटे चालतात. त्यांचा त्रास कोरलला कमी आणि गोगलगाईंना जास्त. अंग वाढलं की त्यांना मोठा शंख लागतो, आणि रिकामा मिळाला नाही तर जिवंत गोगलगाय मारून तिचा घेतात. म्हणून वेगवेगळ्या मापाचे रिकामे शंख तळाशी टाकून ठेवा. मोठ्या जातीचे हर्मिट, मग ते कितीही देखणे असोत, कोरलच्या टँकमध्ये नकोत.

आता टाळायचे. सॅली लाइटफूट लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की झोपलेले छोटे मासे धरतो. ॲरो क्रॅब ब्रिसलवर्म (केसाळ समुद्री किडे) खातो खरा, पण पंख्यासारखे फेदर डस्टर वर्मही सोडत नाही. डेकोरेटर क्रॅब तर कोरलचे आणि स्पंजचे तुकडे तोडून स्वतःच्या पाठीवर लावतो. खायला नाही, लपायला. पण तुमचं महागाचं झोअँथिड गेलं ते गेलंच.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी खेकडा नसला तरी काही बिघडत नाही. शेवाळाचं बरंचसं काम गोगलगाई करतात.

३. दगडासोबत फुकट आलेला खेकडा

नव्या कोरलच्या किंवा लाइव्ह रॉकच्या (जीवजंतू वसलेल्या समुद्री दगडाच्या) फटीतून खेकडा निघाला तर लगेच मारू नका. पोसिलोपोरा किंवा ॲक्रोपोराच्या फांद्यांमध्ये गुळगुळीत पाठीचा छोटा खेकडा बसलेला असेल, तर तो बहुधा ट्रॅपेझिया किंवा टेट्रालिया. हे कोरलचे राखणदार. कोरलचा चिकट स्राव खातात, त्यावर पडलेला गाळ साफ करतात, आणि समुद्रात कोरल खाणाऱ्या क्राउन ऑफ थॉर्न्स या तारामाशावरही धावून जातात. याला राहू द्या.

केसाळ, काळ्या टोकांचा असेल तर मात्र बाहेर. दगड टँकबाहेर खाऱ्या पाण्याच्या बादलीत घ्या आणि त्याच्या भोकात सिरिंजने साधं सोडा वॉटर (फसफसणारं, खायचा सोडा नव्हे) मारा. बहुतेकदा तो स्वतःच बाहेर पळतो. नंतर दगड ताज्या खाऱ्या पाण्यात विसळून मगच टँकमध्ये ठेवा. दगड उकळू नका. झोअँथिड आणि पॅलिथोआ जातीच्या काही कोरलांत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं. उकळताना ते वाफेबरोबर घरभर पसरतं आणि माणसं दवाखान्यात पोचतात. अशा दगडाला हात लावताना हातमोजे आणि चष्मा घालावा.

आणि एक: द्वारका-सोमनाथच्या यात्रेहून येताना जामनगरजवळच्या किनाऱ्यावरून दगड किंवा खेकडे उचलून आणायचा मोह नको. तिथे १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये येतात. मेलेला तुकडाही चालत नाही. विकत घेताना कोरल कुठून आलं याचा कागद मागा.

४. सोडण्याआधी पाणी

अमोनिया आणि नायट्राइट शून्य, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश. टँकमध्ये कधी तांबं असलेलं माशांचं औषध टाकलं असेल तर खेकडा आणूच नका. तांबं त्याला आणि कोरललाही मारतं. पिशवीतलं पाणी एकदम बदलू नका. बारीक नळीने थेंब-थेंब टँकचं पाणी घालत तास-दीड तास द्या.

आपल्याकडचा खरा प्रश्न मे महिन्याचा. भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. टँकचं पाणी तिशीपार राहिलं की कोरल पांढरं पडायला लागतं, आणि दुबळं झालेलं कोरल खेकड्याला आयतं सापडतं. आपली हवा कोरडी असल्याने पाण्यावर आडवा पंखा लावला तर तापमान चांगलं दोन-तीन अंश उतरतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की हीच युक्ती लंगडी पडते. पंख्याने पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर आरओ-डीआय फिल्टरच्या (क्षार काढलेल्या) गोड्या पाण्यानेच करायची, बोअरच्या पाण्याने कधीच नाही. वीज गेल्यावर निदान वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) तरी इन्व्हर्टरवर चालला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये खेकड्याचं पार्सल मागवू नये.

५. पोट भरलेलं ठेवा

शेवाळ संपलं की आठवड्यातून दोनदा बुडणारी गोळी किंवा बिनमसाल्याच्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापडाचा) तुकडा त्याच्या कोपऱ्यात टाका. कोरलला खाऊ घालायच्या आधी खेकड्याला द्या. कोरलच्या तोंडात खाणं असताना खेकडा येऊन ते ओढतो, आणि त्या ओढाओढीत मांस फाटतं. उपाय स्वस्त आहे: प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून खाणं संपेपर्यंत कोरलवर झाकण ठेवा. तसंच कोरलचे छोटे तुकडे (फ्रॅग) सुपरग्लू जेलने पक्के चिकटवा. बरेचदा खेकडा खात नसतो, नुसता पाडत असतो.

एखाद्या सकाळी तळाशी खेकडा उताणा पडलेला दिसेल. लगेच काढून फेकू नका. बहुधा ती कात असते. मूळ मालक मऊ अंगाने दगडाखाली दडलेला असतो आणि कवच कडक होईपर्यंत बाहेर येत नाही.

६. संशय आला तर

टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर लावा आणि दिवे बंद झाल्यावर तासाभराने बघा. लाल उजेडात खेकडे फारसे बिचकत नाहीत. तो मेलेला, तपकिरी झालेला भाग उचलत असेल तर सफाई करतोय. कोरल आधीच आजारी होतं, कारण पाण्यात शोधा. उघडलेल्या, धडधाकट पॉलिपवर (कोरलच्या एकेका जिवंत तोंडावर) नांगी चालवत असेल तर मात्र त्याला काढा.

काचेचा उंच ग्लास तळाशी तिरका टेकवा, आत कोळंबीचा तुकडा ठेवा. रात्री खेकडा दगडावरून आत उतरतो, पण गुळगुळीत काचेवरून वर चढता येत नाही. हर्मिट याला क्वचितच फसतो, पण तो हातानेच उचलता येतो. पकडलेला खेकडा सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) सोडला तरी चालतो, फक्त पंपाच्या तोंडाला आधी जाळी बांधून घ्या.