यॉर्कला जाताय? आधी तटावर चढा

लंडनहून स्कॉटलंडला निघालेल्या टूरच्या बसगाड्या वाटेत यॉर्कला दोन तास थांबतात. तेवढ्यात मिन्स्टर या भव्य चर्चसमोर एक फोटो, शॅम्बल्सच्या गल्लीत एक फोटो, कॉफी, की परत बसमध्ये. मी पहिल्यांदा गेले ती अशीच. संध्याकाळी निघता निघता गावाभोवतीच्या जुन्या तटावर चढावं म्हटलं, तर जिन्याच्या दाराला कुलूप. अंधार पडला की तट बंद होतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी एक रात्र मुक्काम केला आणि गाव पायाखालून घातलं, तेव्हा कुठे यॉर्क भेटलं. तुम्हीही शक्यतो एक रात्र राहाच. पुढचा सगळा बेत त्याच हिशेबाने लिहिला आहे.

निघण्यापूर्वी

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून यॉर्कला थेट गाडी आहे, वेगवान गाडीने साधारण दोन तास लागतात. तिकीट काही आठवडे आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. आयत्या वेळी खिडकीवर काढायला गेलात तर खिसा रिकामा होईल. मोटार घेऊन जाऊ नका. जुनं गाव चालायचंच आहे आणि आत गाडी लावायला जागा नाही. मोटारीनेच यायचं असेल तर गावाबाहेरच्या ‘पार्क अँड राइड’च्या वाहनतळावर ती ठेवून बसने आत या.

मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत जमलं तर उत्तम. तटाखालचे मातीचे उतार तेव्हा डॅफोडिल्सनी पिवळेधमक होतात. ऑगस्टमध्ये एबॉरच्या घोड्यांच्या शर्यती असतात, त्या आठवड्यात हॉटेलांचे भाव चढतात. शनिवारी गर्दी फार, म्हणून आठवड्यातले मधले दिवस निवडा. छत्रीपेक्षा टोपीवालं जर्किन घ्या, कारण तटावर वारा छत्री उलटी करतो. बूट मात्र चांगले हवेत. बऱ्याच गल्ल्या गोट्यांच्या फरसबंदीच्या आहेत.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. यॉर्कमध्ये ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हे, आळी. इ. स. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी हे गाव जिंकलं. त्यांच्या भाषेत ‘गाटा’ म्हणजे रस्ता, तो शब्द पाट्यांवर अजून टिकून आहे. आणि तटातल्या वेशीला म्हणतात ‘बार’. म्हणजे मिकलगेट ही मोठी आळी आणि मिकलगेट बार ही त्या आळीच्या तोंडाशी असलेली वेस. कॉपरगेट ऐकून आपल्याला तांबट आळी आठवते, पण तांब्याशी तिचा संबंध नाही. लाकडाचे पेले-वाडगे कातणाऱ्यांची ती वस्ती, आपल्या भाषेत कातारी आळी. एवढं कळलं की नकाशा बोलायला लागतो.

स्टेशनातून थेट तटावर

स्टेशनच्या समोरच तट दिसतो. सामान हॉटेलवर टाका आणि दुसरं काही करण्याआधी इथूनच वर चढा. पैसे लागत नाहीत. लेंडल पुलाच्या दिशेने चालत गेलात की ऊझ नदीपलीकडे मिन्स्टरचे मनोरे दिसतात.

पुलापाशी उतरा, नदी ओलांडा आणि डाव्या हाताच्या म्युझियम गार्डन्समध्ये शिरा. इथे एक बुरूज आहे, मल्टँग्युलर टॉवर. त्याच्यासमोर जरा थांबा. खालचे दगड लहान, चौकोनी, नीट रांगेत बसवलेले, मधून लाल विटांचा पट्टा. वरचे दगड मोठे. खालचं काम रोमनांचं, वरचं मध्ययुगातलं. इ. स. ७१ मध्ये रोमन सैन्याच्या नवव्या लीजनने इथे छावणी उभारली, तिचं नाव एबोराकम. व्हायकिंगांनी त्याचं योर्विक केलं आणि योर्विकचं पुढे यॉर्क झालं. पुस्तकात वाचलेले हे थर एका भिंतीत हाताला लागतात. शेजारी सेंट मेरीज ॲबीचे भग्नावशेष आहेत. आठव्या हेन्रीने मठ मोडून काढले, त्यात हाही गेला.

बागेच्या वरच्या अंगाला एक्झिबिशन स्क्वेअर आणि समोर बूथम बार. स्थानिक स्वयंसेवक १९५१ पासून पर्यटकांना गाव फिरवून दाखवतात, त्यांची फेरी याच चौकातून निघते. ते पैसे घेत नाहीत, बक्षिसीही घेत नाहीत. वेळ जुळली तर सोडू नका. चौकातला पुतळा आहे चित्रकार विल्यम एटीचा. १८०० च्या सुमारास नगरपालिकेला तट पाडायचा होता. तो वाचवायला जे लोक उभे राहिले, त्यांत एटी होता. सुमारे साडेतीन किलोमीटरचा तट आज उभा आहे तो या लोकांमुळे.

बूथम बारवरून परत वर चढा आणि मंक बारपर्यंत चाला. फक्त एवढाच तट बघायचा असेल तर हाच तुकडा बघा. मिन्स्टरच्या मागची बाग, जुन्या घरांची परसदारं आणि प्रत्येक वळणावर नव्या कोनातून दिसणारं मिन्स्टर. रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. लहान मुलांचा हात सोडू नका, आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. बर्फ पडला की तट बंद ठेवतात.

मंक बारला उतरून गुडरमगेटने आत या. उजव्या हाताला एक लहानशी कमान आहे, हमखास चुकते. आत होली ट्रिनिटी नावाचं छोटं चर्च. लाकडी कप्प्यांसारखी बाकं, उंचसखल फरशी, भोवती झाडं. दहा मिनिटं बसा.

मिन्स्टर: दुपार राखून ठेवा

मिन्स्टरला तिकीट आहे आणि ते महाग वाटतं. तरीही काढा. आजची इमारत १२२० च्या सुमारास सुरू झाली आणि १४७२ मध्ये पूर्ण झाल्यावर तिचा अभिषेकविधी झाला. म्हणजे अडीचशे वर्षं.

आत गेल्यावर आधी सरळ पूर्वेच्या टोकाला जा. तिथली ग्रेट ईस्ट विंडो ही खिडकी टेनिस कोर्टाएवढी आहे. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटन या कारागिराने ती १४०५ ते १४०८ अशा तीन वर्षांत पूर्ण केली, करारात ठरल्याप्रमाणे. मोबदला ५६ पौंड, त्यातले दहा काम वेळेत पुरं केल्याचे. बायबलमधली जगाची उत्पत्ती आणि जगाचा अंत, दोन्ही या एका खिडकीत आहेत. तीनशे अकरा तावदानं एकेक काढून, साफ करून, परत बसवण्याचं काम २०१८ मध्ये संपलं. दुर्बीण असेल तर घेऊन जा, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करा. अगदी वर, जिथे खालून कुणाची नजर पोचणार नाही, तिथेही चेहऱ्यांवर डोळे, दाढीचे केस, कपड्यांच्या चुण्या काढलेल्या आहेत. मी मान दुखेपर्यंत बघत राहिले. ते काम करणाऱ्याला आपल्याकडून एवढं तरी मिळायलाच हवं.

मग दक्षिण बाहूत या. ९ जुलै १९८४ च्या पहाटे इथलं छप्पर जळालं, बहुधा वीज पडून. तिथल्या गोल रोझ विंडोच्या काचांना हजारो तडे गेले, पण खिडकी जागेवरून पडली नाही. नव्या छतावर नक्षीचे मोठे लाकडी गड्डे बसवले, त्यांतल्या सहांची चित्रं मुलांनी काढलेली आहेत. बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमाने स्पर्धा घेतली होती. त्यांत चंद्रावर पाऊल ठेवणारा माणूसही आहे. तो शोधायला मुलांना सांगा.

मनोऱ्याला २७५ पायऱ्या आहेत, अरुंद आणि गोल. गुडघे बरे असतील तरच. गावाचा देखावा तटावरूनही पुरेसा दिसतो, त्यामुळे नाही चढलात तर हळहळ नको. तळघर मात्र बघा. १९६७ नंतर पाया खचतोय म्हणून खोदकाम केलं, तेव्हा खाली रोमन छावणीचं मुख्यालय सापडलं. इ. स. ३०६ मध्ये कॉन्स्टंटाइनला त्याच्या सैनिकांनी याच गावात सम्राट म्हणून पुकारलं. बाहेर दक्षिण दारापाशी त्याचा पुतळा आहे.

संध्याकाळी परत इथेच यायचं आहे. बहुतेक दिवशी साडेपाचच्या सुमारास इव्हनसाँग असते, म्हणजे गायकवृंदाची सायंप्रार्थना. नेमकी वेळ आदल्या दिवशी बघून घ्या. कुणालाही येता येतं, तिकीट लागत नाही, धर्म कुणी विचारत नाही. पंधरा मिनिटं आधी जाऊन शांत बसा, फोन बंद करा. इतक्या उंच दगडी छताखाली आवाज विरायला वेळ लागतो. गाणं थांबतं आणि शेवटचा सूर वर कुठेतरी राहतो.

मिन्स्टरच्या उत्तरेला डीन्स पार्क आहे. तिथे जुन्या कमानींच्या ओळीत ब्रिटिश सेकंड डिव्हिजनचं स्मारक आहे. १९४४ मध्ये कोहिमाला लढली ती हीच डिव्हिजन. त्याच मोहिमेत मणिपूरमध्ये संगशाकला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन झुंजली. गावाच्या दक्षिणेला फुलफर्डमध्ये लष्कराची छावणी आहे, तिचं नावच इंफाळ बॅरक्स. घरात कुणी फौजेत असेल तर या कमानींपाशी थांबल्याशिवाय पुढे जाववणार नाही.

खाण्याचं

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा. यॉर्कशरमध्ये फिश अँड चिप्सची पुष्कळ दुकानं बटाट्याचे चिप्सही गाईच्या चरबीत तळतात. ‘बीफ ड्रिपिंग’ वापरता का, असं सरळ विचारा. कुणाला राग येत नाही. यॉर्कशर पुडिंग हा गोड पदार्थ नव्हे. मैदा, दूध आणि अंडी यांची ती फुगलेली वाटी असते आणि ती बहुधा मांसाच्या रश्शाबरोबर येते. चीज स्कोन, भाजलेला बटाटा, सूप हे निर्धास्त मागा, सूप कशात केलंय तेवढं विचारून.

बेटीजच्या चहाघरात जायचं तर सकाळी उघडताच जा, दुपारी रांग रस्त्यावर येते. आणि किटकॅटचा तुकडा मोडताना आठवा, तो १९३५ मध्ये याच गावच्या राउनट्रीच्या कारखान्याने ‘चॉकलेट क्रिस्प’ नावाने बाजारात आणला. किटकॅट हे नाव दोन वर्षांनी मिळालं.

क्लिफर्ड्स टॉवर

टेकाडावरचा हा गोल बुरूज फोटोत छान दिसतो. पायथ्याची पाटी वाचूनच वर चढा. मार्च ११९० मध्ये गावातल्या सुमारे दीडशे ज्यूंनी जमावाच्या भीतीने इथल्या लाकडी गढीत आसरा घेतला होता. बहुतेकांनी आत स्वतःचा शेवट करून घेतला, जे अभय मिळेल म्हणून बाहेर आले त्यांना मारलं. आजचा दगडी बुरूज त्यानंतरचा, तेराव्या शतकातला. मुलांना घेऊन गेलात तरी हे त्यांना सांगाच.

दुसरी सकाळ

सातला उठून शॅम्बल्सला जा. ही यॉर्कची मटण आळी. दोन्ही बाजूंची लाकडी घरं वर वर पुढे झुकत गेली आहेत, मधे आभाळाची चिंचोळी पट्टी. दहानंतर इथे हॅरी पॉटरच्या जादूच्या छड्या विकणाऱ्या दुकानांपुढे रांगा लागतात आणि काही दिसत नाही. सातला मात्र खिडक्यांखालच्या रुंद फळ्या दिसतात, मांस मांडायच्या. वर लोखंडी आकडे दिसतात, धडं टांगायचे. रस्ता मधे खोलगट आणि कडेला उंच आहे, तोही रक्त-पाणी वाहून जावं म्हणून. आळीत एक छोटं प्रार्थनास्थळ आहे मार्गारेट क्लिथरोचं. खाटकाची ही बायको. कॅथलिक धर्मगुरूंना आसरा दिल्याच्या खटल्यात तिने आरोपाला उत्तरच दिलं नाही, म्हणून १५८६ मध्ये अंगावर वजनं ठेवून तिला चिरडून मारलं.

नंतर रेल्वे संग्रहालय. ते स्टेशनच्या मागेच आहे आणि प्रवेश मोफत, म्हणून शेवटी ठेवायचं. ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा वेग गाठणारं मॅलर्ड इथे आहे. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. पहिल्या पिढीच्या जपानी बुलेट ट्रेनचा डबाही आहे, त्यात बसता येतं. दोन तास सहज जातात, रेल्वेवेडं माणूस बरोबर असेल तर चार धरा. योर्विक हे व्हायकिंग केंद्र मुलांना फार आवडतं, पण वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. मोठ्यांचीच सहल असेल आणि दोन्हींपैकी एकच जमत असेल, तर मी रेल्वे संग्रहालय घेईन.

परतीची गाडी दुपारी तीननंतरची काढा. अर्धा तास हाताशी उरला तर स्टेशनसमोरून तटावर पुन्हा चढा, या वेळी उलट्या दिशेने, मिकलगेट बारपर्यंत. या वेशीवर १४६० मध्ये ड्यूक ऑफ यॉर्क रिचर्डचं मुंडकं लावलं होतं. तिथून स्टेशन दहा मिनिटांवर आहे.