बेस गिटारचा प्रीअँप आणि पेडल: आवाज बिघडवणाऱ्या या चुका टाळा

जड अँप आणि कॅबिनेट उचलून नेणं बहुतेक बेसवाल्यांनी सोडून दिलं आहे. गिटारच्या बॅगेच्या खिशात एक प्रीअँप-डीआय (बेसचा सिग्नल मिक्सरला झेपेल असा करून देणारं पेडल), फार तर एखादा कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार सपाट करणारा) किंवा ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारं), आणि पुढचं काम मिक्सरवर. सोय चांगली आहे, पण तक्रारीही ठरलेल्या आहेत: आवाज पातळ येतो, फाटतो, घरघरतो, पेडल मध्येच बंद पडतं. अशा वेळी पेडल बदलायची घाई होते. प्रत्यक्षात पेडल बहुतेकदा ठणठणीत असतं. गडबड असते ती त्याला मिळणाऱ्या विजेत, त्यातून निघणाऱ्या केबलमध्ये किंवा नॉबच्या जागेत.

घरात सापडला तो अॅडॅप्टर लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागते आणि पिनच्या मध्यभागी मायनस असतो. वायफाय राउटर किंवा सीसीटीव्हीचा अॅडॅप्टर साधारणपणे १२ व्होल्टचा आणि मध्ये प्लस असलेला. पिनचं माप मात्र बरेचदा तेच, ५.५ बाय २.१ मिलिमीटर, त्यामुळे ती पेडलमध्ये नीट बसते आणि शंका येत नाही.

पुढे काय होईल ते आतल्या डायोडवर, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागावर, ठरतं. डायोड विजेच्या वाटेत ओळीने जोडलेला असेल तर पेडल नुसतं सुरू होणार नाही आणि तुम्ही वाचाल. पण अनेक पेडलमध्ये १एन४००१ सारखा डायोड प्लस आणि मायनसच्या मध्ये आडवा बसवलेला असतो. उलटी वीज आली की तो सगळा करंट स्वतःवर घेतो आणि जळून बहुधा शॉर्ट होतो. मग योग्य अॅडॅप्टर लावला तरी दिवा लागत नाही. असं पेडल फेकून देऊ नका. डायोड काही रुपयांत मिळतो आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याला तो बदलायला फार वेळ लागत नाही.

पोलॅरिटी बरोबर पण व्होल्टेज जास्त, हा प्रकार अधिक वाईट. आतून ९ चे १८ व्होल्ट करणाऱ्या पेडलमध्ये आयसीएल७६६० किंवा मॅक्स१०४४ सारखी आयसी असू शकते. साध्या ७६६० ची मर्यादा १० व्होल्टच्या आसपास आहे, त्यामुळे १२ व्होल्टला ती जाते. ‘१८ व्होल्ट दिले की हेडरूम (न फाटता मोठं वाजण्याची जागा) वाढतो’ हे फक्त त्याच पेडलला लागू आहे ज्याच्या मागे ९ ते १८ व्होल्ट असं छापलेलं असतं.

नवा अॅडॅप्टर घ्यायला मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाल तेव्हा तीन गोष्टी पाहा: ९ व्होल्ट रेग्युलेटेड, मध्ये मायनस, आणि पेडलला लागतो तितका किंवा त्याहून जास्त करंट. जास्त मिलिअँपिअरच्या अॅडॅप्टरने पेडल जळत नाही. पेडल लागेल तेवढाच करंट ओढतं. साधा ट्रान्सफॉर्मरवाला, रेग्युलेटेड नसलेला ‘९ व्होल्ट’ अॅडॅप्टर मात्र लोड नसताना १२-१३ व्होल्ट दाखवू शकतो. दुकानातच मल्टिमीटर लावून पाहायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

करंटची बेरीजही करा. साधं अॅनालॉग ओव्हरड्राइव्ह ५ ते २० मिलिअँपिअरवर चालतं; डिजिटल मल्टिइफेक्टला (एकाच पेटीत अनेक इफेक्ट) कित्येक पट लागतो. झूम बी१ फोर या मल्टिइफेक्टला कंपनीच ५०० मिलिअँपिअरचा अॅडॅप्टर सुचवते. एकाच अॅडॅप्टरवरून पाच पिनांची माळ काढली आणि त्यात एक डिजिटल पेडल असेल, तर त्याची बारीक किणकिण इतरांच्या आवाजात शिरते. सगळं डिजिटल एका अॅडॅप्टरवर आणि अॅनालॉग दुसऱ्यावर, एवढ्याने बहुतेकदा काम होतं. पैसे असतील तर तिसरं पेडल घेण्याआधी आयसोलेटेड पॉवर सप्लाय (प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा) घ्या. दिसायला नीरस वस्तू आहे, पण बोर्डवर सगळ्यात उपयोगाची तीच.

पॉवर बँकवर वाजवायचं असेल तर यूएसबीच्या ५ चे ९ व्होल्ट करणारी केबल मिळते. अडचण अशी की लोड अगदी कमी असेल तर बऱ्याच पॉवर बँका ‘फोन चार्ज झाला’ समजून स्वतःच बंद होतात. फक्त १० मिलिअँपिअरचं एक पेडल लावलं की गाण्याच्या मध्येच अंधार. घरी अर्धा तास लावून ठेवा आणि मगच कार्यक्रमाला न्या.

पी-३८ टू कॅनन केबल आणि फँटम

साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स नसेल तर तो एका बाजूला पी-३८ (गिटारची नेहमीची पाव इंची पिन) आणि दुसऱ्या बाजूला कॅनन (माइकची तीन पिनांची एक्सएलआर) असलेली केबल हातात देतो. तीमधून पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) बेस थेट माइक इनपुटला गेला की आवाज मेणचट होतो. पॅसिव्ह पिकअपला पुढे साधारण १० लाख ओहमचं, म्हणजे १ मेगओहमचं इनपुट हवं असतं. माइक इनपुट दीड ते तीन हजार ओहमचं असतं. पिकअप तिथे दबतो आणि वरची धार निघून जाते. मिक्सरवर ट्रेबल कितीही वाढवलं तरी ती परत येत नाही. प्रीअँप पेडलचं पहिलं काम इक्यू नव्हे, हा मेळ घालणं आहे. म्हणून सगळे नॉब मध्यावर असतानाही तो सुरूच ठेवा. सुरू नसताना आपला बफर, म्हणजे हा मेळ घालणारा भाग, बाजूला काढणारी पेडलही असतात.

त्याच केबलचा दुसरा धोका फँटम, म्हणजे मिक्सरमधून माइकच्या केबलवर पाठवली जाणारी ४८ व्होल्टची वीज. छोट्या मिक्सरवर ४८ व्होल्टचं बटण बरेचदा सगळ्या चॅनेलना मिळून एकच असतं. कोरस गाणाऱ्यांच्या कंडेन्सर माइकसाठी ते दाबलं की त्या साध्या केबलमधून तुमच्या पेडलच्या पी-३८ आउटपुटवरही ४८ व्होल्ट पोहोचतात. तिथला कपॅसिटर १६ किंवा २५ व्होल्टचा असेल तर तो खराब होतो. लगेच नाही झाला तरी आवाजात फुटफुट सुरू होते. त्यामुळे पी-३८ आउटपुट डीआय बॉक्समधून द्या, किंवा पेडलचं कॅनन आउटपुट वापरा. कॅनन असलं तरी फँटम चालतो का हे पुस्तिकेत पाहून घ्या.

उलट बाजूही आहे. टेक २१ चा सॅन्सअँप बेस ड्रायव्हर किंवा एमएक्सआरचा एम८० हे प्रीअँप-डीआय फँटमवर चालू शकतो, म्हणून ‘सगळेच चालत असतील’ असं गृहीत धरलं जातं. फँटमच्या ठरलेल्या मापात एका चॅनेलला फार तर १० मिलिअँपिअर मिळतात. ५०० मिलिअँपिअरचं मल्टिइफेक्ट त्यावर कधीच उठणार नाही. आणि फँटमवर चाललेलं पेडल ग्राउंड लिफ्ट (कॅननची ग्राउंडची तार तोडणारं बटण) दाबताच बंद पडलं तर तो बिघाड नाही: फँटमची परतीची वाट कॅननच्या १ नंबर पिनमधूनच जाते, आणि लिफ्टने तीच तुटते.

आवाज मिक्सरवर फाटत असेल तर एक सोपी चाचणी आहे. मिक्सरचा गेन पूर्ण खाली आणा. तरीही फाटतो आहे? म्हणजे पेडलमधून लाइन पातळी (माइकपेक्षा बरीच जोरकस) निघते आहे आणि ती माइक इनपुटला झेपत नाही. पेडलवरचं लाइन-माइक बटण माइकवर टाका किंवा मिक्सरचा पॅड (येणारा सिग्नल कमी करणारं बटण) दाबा. साउंडवाल्याने फेडर खाली ओढून उपयोग नाही. फाटलेला आवाज फक्त हळू येईल.

आणखी एक फसवी जागा. झूम बी१ फोरला कॅनन नाही. त्याचं आउटपुट हेडफोनलाही चालणारं स्टिरिओ आहे. ते टीआरएस (पिनवर दोन काळ्या रेघा असलेल्या स्टिरिओ) केबलने मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला लावलं तर आवाज जवळपास गायब होतो किंवा पत्र्यासारखा येतो. बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधला फरक ऐकतं, आणि डाव्या-उजव्या तारेवर तुमचा बेस एकसारखाच असतो. साधी मोनो केबल घ्या, ती डीआय बॉक्सला लावा.

घरघर नेमकी कुठून येते

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. बेसवर चौथ्या तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी ४९ हर्ट्झचा आणि मोकळी जी तार ९८ ची. त्यामुळे काही न वाजवता ट्यूनरवर जी दिसत असेल तर ती वीज बोलते आहे. आता शोध या क्रमाने घ्या:

१. बेसचा व्हॉल्यूम शून्य करा. घरघर गेली तर ती पिकअपमधून येत होती. जागेवरच वळा, दिशा बदलली की कमी-जास्त होते का ते पाहा. लाइटचे डिमर किंवा ट्रान्सफॉर्मर जवळ असेल तर लांब सरका. जॅझ बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. दोन पिकअप एकमेकांची हम खातात.

२. व्हॉल्यूम शून्यावरही राहिली तर सगळे अॅडॅप्टर काढून प्रीअँप बॅटरीवर चालवा. थांबली तर दोष सप्लायचा.

३. बॅटरीवरही आहे? मग ग्राउंड लिफ्ट दाबा. इथे थांबली तर तो ग्राउंड लूप होता, म्हणजे दोन यंत्रांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली गेली होती.

४. लॅपटॉप जोडला असेल तर चार्जर काढून पाहा. चिरचिर बहुधा तिथूनच येते.

थ्री-पिनची अर्थिंगची पिन तोडणं किंवा तिच्यावर टेप गुंडाळणं हा उपाय नाही. माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर मंडपाच्या किंवा जनरेटरच्या अर्थिंगमध्ये दोष आहे. इलेक्ट्रिशियन ते तपासेपर्यंत बेसच्या तारांना हात लावू नका.

घरी बसवलेला इक्यू

हेडफोनवर मधले स्वर कापून खालचे-वरचे वाढवले की बेस फार देखणा वाटतो. ऑर्केस्ट्रात ढोलक, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डचा डावा हात सुरू झाला की तोच बेस दिसेनासा होतो. त्यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे बेसचा नॉब आणखी फिरवणं, आणि तो उलटतो. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची आहे. बारा इंची टॉप स्पीकर एवढ्या खाली फारसं बोलत नाहीत. तिथे वाढवलेली ताकद स्पीकर हलवण्यात संपते. अंग हवं तर ८० ते १२० हर्ट्झ, बोट नीट ऐकू यायला ७०० ते १००० च्या आसपास, आणि चिखल वाटला तर २००-३०० थोडं कापा.

जुन्या सॅन्सअँप बेस ड्रायव्हरला मिडचा (मधल्या स्वरांचा) नॉब नाही आणि ब्लेंड (मूळ आणि पेडलचा आवाज मिसळणारा नॉब) पूर्ण वर असताना मधले स्वर बरेच खाली जातात. ब्लेंड निम्म्याच्या आसपास आणला की बेस पुन्हा पुढे येतो. ब्लेंड शून्यावर असेल तर ड्राइव्ह कितीही फिरवा, काही होणार नाही. हे माहीत नसल्याने ‘नॉब खराब आहे’ अशी तक्रार होते. पुढच्या आवृत्तीत मिड दिला आहे.

अँप उपलब्ध असेल तिथे प्रीअँप पेडल अँपच्या पुढच्या इनपुटमध्ये लावलं की दोन प्रीअँप एकावर एक बसतात. एफेक्ट्स रिटर्नमध्ये (अँपचा स्वतःचा प्रीअँप टाळणारं इनपुट) लावा, किंवा अँपचा इक्यू सपाट ठेवा. कॅबिनेटचा आवाज देणारा स्विच खऱ्या कॅबिनेटसमोर बंद, मिक्सरकडे जाताना चालू.

ओव्हरड्राइव्ह, ऑक्टेव्ह आणि क्रम

गिटारचं ओव्हरड्राइव्ह बेसवर लावून तळ गेला म्हणून रडू नये. त्यात खालचे स्वर मुद्दाम कापलेले असतात. ब्लेंड नॉब असलेलं पेडल घ्या, स्वच्छ आवाज निम्मा तरी ठेवा. वेगळ्या ब्लेंडर पेडलने मिसळत असाल आणि ब्लेंड मध्यावर आल्यावर आवाज अचानक पोकळ झाला, तर एक वाट फेज उलटी करते आहे, म्हणजे दोन आवाज एकमेकांना खोडत आहेत. ब्लेंडरवर फेज स्विच असेल तर दाबा. मिसळणारं पेडल डिजिटल असेल तर किंचित उशिरामुळेही असंच होतं आणि त्यावर स्विच चालत नाही. ब्लेंड त्या डिजिटल पेडलच्या आतच करा.

बॉसचा १९८२ चा ओसी-२ किंवा तसा कुठलाही अॅनालॉग ऑक्टेव्ह (एक सप्तक खालचा स्वर जोडणारं पेडल) मोकळ्या ई तारेवर गडबडतो. ई च्या एक सप्तक खाली २०.६ हर्ट्झ येतात, स्पीकर ते देणार नाही. डी आणि जी या उंच स्वराच्या दोन तारांवर, एका वेळी एकच स्वर, बाकीच्या तारा हाताने दाबून वाजवा. तो साखळीत ट्यूनरनंतर लगेच ठेवा. ओव्हरड्राइव्हच्या नंतर गेला की त्याला स्वर ओळखता येत नाही. वाह-सारखा आवाज देणारा एन्व्हलप फिल्टर कॉम्प्रेसरच्या आधी, कारण त्याला बोटांच्या जोरातला फरक लागतो. प्रीअँप-डीआय सगळ्यात शेवटी.

बॅटरी आणि जॅक

पेडलच्या इनपुटमध्ये पिन असली की बॅटरी खर्च होते, पायाने बंद केलं तरी. अॅक्टिव्ह बेसचंही तेच, म्हणून वाजवून झालं की केबल काढा. मात्र इनपुटला चुकून टीआरएस केबल लावली तर बॅटरीवरचं पेडल सुरूच होत नाही, कारण बॅटरी चालू करणारा संपर्क मोनो पिनच्या लांब देठाशीच जुळतो. जोरात वाजवल्यावरच आवाज फाटत असेल तर आधी बेसमधली बॅटरी मोजा. साडेसात व्होल्टच्या खाली असेल तर बदला.

कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात जॅकच्या पत्तीवर थर बसतो आणि हलवलं की खरखर होते. कॉन्टॅक्ट क्लीनर पिनवर फवारून ती आठ-दहा वेळा आत-बाहेर करा. डब्ल्यूडी-४० ची नेहमीची बाटली यासाठी वापरू नका, तेलकट थरावर धूळ चिकटते. जॅकचा नट सैल असेल तर पिन धरून फिरवत बसू नका, आतल्या तारा पिळून तुटतात. मागचं झाकण उघडून जॅक आतून धरा आणि मगच पान्याने आवळा.