समोरच्याची सवय कशी पकडायची (टेकन आणि स्ट्रीट फायटर खेळणाऱ्या आपल्या खान्देशी पोरांसाठी)

भो, आधी एक क्लिअर करू. समोरचा मारताना दिसला आणि मग मी बघून ब्लॉक केला, असं या फायटिंग गेममध्ये (दोन जण समोरासमोर मारामारी करतात ते) फार कमी वेळा होतं. गेम चालतो सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, टेकनमधला साधा जॅब (झटपट ठोसा) १० फ्रेममध्ये येतो, स्ट्रीट फायटर ६ मधला थ्रो (पकडून आपटणं, हे ब्लॉकने थांबत नाही) ५ मध्ये, आणि आपल्याला बघून बटण दाबायलाच १५ च्या आसपास फ्रेम लागतात, म्हणजे पाव सेकंद गेला, वरून रात्री नऊनंतर घरचं वायफाय काय रंग दाखवतं ते तुम्हाला माहितीच आहे. स्ट्रीट फायटर ६ मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट, तो हळू येणारा जोराचा फटका, २६ फ्रेमचा म्हणून बघून उलटवता येतो, पण तोसुद्धा डोक्यात आधीपासून असेल तरच. बाकी सगळं आधी ओळखावं लागतं.

आता ओळखायचं म्हणजे काय, तर मोजायचं. आणि सगळं मोजायला जाऊ नका, डोकं फुटेल, एकच जागा धरा. सगळ्यात सोपी जागा म्हणजे समोरचा पडून उठतो ती. पहिल्या राउंडला त्याला पाडलं की जवळ जायचं आणि नुसतं ब्लॉक धरून उभं राहायचं, काही मारायचं नाही, फक्त बघायचं की हा उठताना शोर्यूकेन (वर उडत मारलेला ठोसा) मारतो, मागे उडी मारतो, थ्रो करतो की गप्प ब्लॉक करतो. पोरांना इथे हात आवरत नाही, पाडलं की लगेच तुटून पडतात, मग समोरचा काय करणार होता ते कळतच नाही. एक थ्रो खाल्ला तर खाऊ द्या, स्वस्तात माहिती मिळाली.

दोनदा तेच केलं की तिसऱ्या वेळी पैज लावायची, पण चुकलो तर किती जाईल ते बघून. उठताना शोर्यूकेन येतोय असं वाटलं तर ब्लॉक करायला काहीच जात नाही, आलाच तर तो उघडा पडतो आणि आपला पनिश काउंटर बसतो, २० टक्के जास्त डॅमेज, आपला सगळ्यात मोठा कॉम्बो (सलग फटक्यांची साखळी) तिथेच काढायचा. उलट उडी मारेल म्हणून आधीच वर मारायला गेलात आणि तो खालीच बसून राहिला तर आपलंच पोट उघडं पडतं, तिथे अजून एकदा बघून घ्या.

खरी मजा पुढे आहे. एकदा पकडल्यावर तो काय करतो ते बघा, कारण माणूस तिथे उघडा पडतो. काही जण चिडून परत तेच मारतात, केळीच्या बागेत डुक्कर रोज त्याच वाटेनं घुसतं तसं, त्यांना सोडू नका, राउंड संपेपर्यंत तेच पनिश करत राहा. काही जण एकदम घाबरून ब्लॉकच करत बसतात, त्यांना चालत जाऊन थ्रो. थ्रो एक-दोनदा बसला की ते थ्रो सोडवायचं बटण आधीच दाबायला लागतात, मग थ्रो करायच्या अंतरापर्यंत जायचं आणि अर्धं पाऊल मागे यायचं, त्याचा थ्रो हवेत जातो आणि तो तुमच्या हातात. याला शिमी म्हणतात. आणि तिसरा प्रकार, जो एकदा पकडल्यावर शांतपणे बदलतो, तो चांगला प्लेयर, त्याच्याशी खेळताना त्याने आता तुमच्याबद्दल काय मोजलंय याचा विचार करा.

बाकी जागा पटकन सांगतो. राउंड सुरू होताच पहिलं बटण कोणतं, कोपऱ्यात गेल्यावर उडी मारतो का, टेकन ८ मध्ये लाइफ पाव राहून रेज आला की रेज आर्ट (तेव्हाच मिळणारा मोठा फटका) फेकतो का. शेवटचं तर बहुतेक सगळेच करतात, नुसतं ब्लॉक करा आणि लाँच करा, म्हणजे हवेत उडवा.

इव्हो म्हणजे फायटिंग गेमची मोठी स्पर्धा, तिच्यातली २००४ ची ती क्लिप सगळ्यांनी बघितलीय, दायगो या जपानी प्लेयरच्या केनचा लाइफ संपत आलेला आणि जस्टिन वाँगच्या चुन-लीचा सुपर (सलग फटक्यांचा मोठा हल्ला) दायगो पूर्ण पॅरी करतो, म्हणजे प्रत्येक फटका लागायच्या क्षणी उडवून लावतो. लोक म्हणतात काय रिफ्लेक्स, पण त्यातला पहिला पॅरी सुपर दिसल्यावर टाकून जमत नाही, समोरचा आता सुपर टाकेल हे ताडून आधीच दाबावा लागतो. पुढचे पॅरी प्रॅक्टिसने येतात.

आपल्याकडे एक अडचण आहे. जळगाव घ्या, धुळे घ्या, नाहीतर भुसावळ, फायटिंग गेम खेळणारे शोधून दोन-चार मिळतात, बाकी पब्लिक मोबाइलवर बीजीएमआय या शूटिंग गेममध्ये. मग त्याच दोस्तांशी खेळून खेळून त्यांच्या सवयी पाठ होतात, आणि ऑनलाइन अनोळखी माणूस आला की गाडी अडकते. उपाय सोपा आहे, दोस्ताला दर सेटला कॅरेक्टर बदलायला लावा, आणि सेट झाला की विचारा, तू काय करी ऱ्हायना भो, तिथे उडी का मारली. तो बहुतेक वेळा म्हणेल माहीत नाही, हात गेला. तीच सवय.

रिप्ले फक्त हरलेल्या मॅचचे बघा, इनपुट डिस्प्ले (कोणतं बटण दाबलं ते स्क्रीनवर दाखवणारं) चालू ठेवून, आणि आधी स्वतःचे हात बघा, उठताना तुम्ही काय दाबता ते. टेकन ८ मध्ये रिप्लेच्या मधूनच कंट्रोल हातात घेता येतो, जिथे मार खाल्ला तिथे थांबवून दुसरं काय करता आलं असतं ते लगेच करून बघा. एका बसण्यात एकच जागा, दहा करायला गेलात की एकही लक्षात राहत नाही.